दत्ताच्या व्हॅनची पिवळी लाइट

"ताई, बाकी काय बी बघू नका. फक्त ती लाइट घालवा."

दत्ता येळवंडे हे मला तिसऱ्यांदा सांगत होता. मी बॉनेट उघडायला गेले की तो माझ्या आणि गाडीच्या मधे येऊन उभा राहायचा. पेशंटला दवाखान्यात आणायचं आणि डॉक्टरला हात लावू द्यायचा नाही, त्यातला प्रकार.

गुरुवारची सकाळ होती. माझं गॅरेज तळेगाव-चाकण रस्त्यावर आहे. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला, चौदा वर्षं एका डीलरच्या वर्कशॉपमधे काढली, मग स्वतःचं सुरू केलं. अजूनही नवीन माणूस आला की माझ्याकडे बघून विचारतो, "मेस्त्री कुठं गेलेत?" असो. तो वैताग वेगळा.

दत्ताची गाडी म्हणजे सात सीटची व्हॅन, गॅसवर चालणारी. देहूरोड आणि तळेगावातून कामगार बायकांना घ्यायचं, चाकणच्या एका कंपनीत सेकंड शिफ्टला सोडायचं आणि शिफ्ट सुटली की परत घरी पोचवायचं. असा त्याचा रूट. कंपनी दर महिन्याला या सगळ्या गाड्या गेटवर उभ्या करून तपासते. चेकलिस्ट असते. मागच्या महिन्यात दत्ताला क्रॉस पडला होता. कारण एकच, डॅशबोर्डवर चेक इंजिनची लाइट. या शनिवारी पुन्हा क्रॉस पडला की गाडी रूटवरून बाहेर.

"येटिंगवर लई गाड्या हायती ताई," तो म्हणाला. "मी भाईर पडलो की दुसरा लगीच आत. मंग मला कोन इचारतंय?"

ते खरंच होतं. दत्ता चाकणच्या पलीकडच्या गावातला. आठ वर्षं एका प्रेस शॉपला, म्हणजे पत्र्याचे पार्ट ठोकणाऱ्या कारखान्यात, कंत्राटावर होता. कंत्राट संपलं, तेव्हा बायकोशी भांडून ही व्हॅन घेतली. घरात दोन मुली, आई, आणि कमावणारा हा एकटा. रूट गेला तर व्हॅन नुसती दारात उभी राहणार. मला त्याची कीव येत होती. पण कीव येणं वेगळं आणि डोकं फिरणं वेगळं. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं, हे दत्तानं मला त्या तीन दिवसांत शिकवलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराची एक पिवळी लाइट असते. गाडी चालू असताना ती लागून राहिली, तर इंजिनच्या कॉम्प्युटरला काहीतरी खटकलंय असं समजायचं. काय खटकलं ते तो कोडमधे लिहून ठेवतो आणि तुम्हाला कळावं म्हणून लाइट लावतो. म्हणजे लाइट हा आजार नव्हे. अंगात ताप यावा तसं ते आहे. थर्मामीटर फोडून ताप उतरत नाही, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. गाडीच्या बाबतीत मात्र भल्याभल्यांना कळत नाही. बरं, कारणं एक का दोन? प्लग खराब, कॉइल खराब, ऑक्सिजन सेन्सर गेला, एअर फिल्टर चोंदला, हवेचा पाइप चिरला, गॅसच्या किटचं सेटिंग बिघडलं. आमच्या पट्ट्यात उंदीर हेही एक कारण आहे. कंपन्यांच्या पार्किंगमधल्या उंदरांना वायरिंग फार आवडतं.

आणि ते पेट्रोलचं झाकण! मोबाइलवरच्या व्हिडिओत कोणीतरी सांगितलेलं असतं की झाकण घट्ट लावा, लाइट जाते. परदेशातल्या गाड्यांत जात असेल. इतक्या वर्षांत माझ्याकडे झाकणामुळे लाइट लागलेली गाडी जवळजवळ आलेलीच नाही. पण दर आठवड्याला कोणीतरी झाकण आवळून आवळून त्याचा आटा मोडून येतो. दत्तानंही झाकणाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधला होता.

"हे कोणी सांगितलं?"

"समदेच सांगत्यात."

मी ट्यूब सोडून टाकली आणि स्कॅनर लावला. स्टिअरिंगच्या खाली एक सॉकेट असतं, त्यात स्कॅनर लावला की कॉम्प्युटरनं लिहून ठेवलेले कोड वाचता येतात. वाचले. एकही कोड नाही. मेमरी कोरी करकरीत.

महिनाभर लाइट लागतेय आणि मेमरीत काही नाही? मी दत्ताकडे पाहिलं. दत्ता रस्त्यावरच्या ट्रककडे बघायला लागला.

"दत्ता, आज सकाळी काय केलंस?"

"काय न्हाई."

"खिशात काय आहे?"

शर्टाच्या खिशातून त्यानं काड्यापेटीएवढं एक यंत्र काढलं. ऑनलाइन मिळतं. सॉकेटला लावायचं, मोबाइलला जोडायचं आणि कोड पुसायचा. दत्ता रोज सकाळी गाडी काढण्याआधी कोड पुसत होता. लाइट जायची. दोन फेऱ्या व्हायच्या, पुन्हा लागायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुसायचा.

मी कपाळावर हात मारून घेतला.

"अरे बाबा, का?"

"प्रेस शॉपला मशिनचा आलाराम वाजला की आमी काय करायचो? रिसेट. सुपरवायझरच वरडायचा, रिसेट मार आन टार्गेट बघ. आठ वर्सं तेच केलं की ताई."

आता याला काय बोलायचं? कोड पुसला की त्याच्यासोबत सगळी नोंद जाते. बिघाड झाला तेव्हा गाडी किती वेगात होती, इंजिन किती तापलं होतं, गॅसवर होती का पेट्रोलवर, हे सगळं कॉम्प्युटरनं माझ्यासाठी लिहून ठेवलेलं असतं. दत्ता रोज सकाळी उठून माझी सगळी माहिती पुसून टाकत होता. वर मला सांगत होता, फक्त लाइट घालवा. ती तर तो स्वतःच रोज घालवत होता!

ते यंत्र मी काढून घेतलं आणि ड्रॉवरमधे टाकलं.

"आज रिसेट मारायचा नाही. रूट कर आणि उद्या सकाळी ये."

"गेटवर सिक्युरिटीनं लाइट बघितली तर?"

"सांग, ताईंकडे दाखवलीये."

"ताई म्हंजी कोन, असं इचारलं तर?"

"मेस्त्री म्हणून सांग," मी म्हणाले. "आता जा बाबा."

शुक्रवारी तो आठलाच दारात हजर. लाइट लागलेली. मी स्कॅनर लावला. दोन कोड मिळाले. एक, तिसऱ्या सिलिंडरमधे मिसफायर. दुसरा, इंधनाच्या मिश्रणात हवा जास्त.

मिसफायर म्हणजे काय, तर इंजिनमधे चार सिलिंडर असतात. प्रत्येकात ठिणगी पडायची, इंधन जळायचं आणि गाडी पुढे जायची. एकात ठिणगी पडली नाही तर तिथलं इंधन जळत नाही. चौघांनी कपाट उचललंय आणि एकानं हात सोडला, तसं होतं. कपाट पुढे जातं, पण हिसके बसतात.

दुसरा कोड ऐकून दत्ताचा चेहरा खुलला. "ह्यो, ह्यो! फाट्यावरच्या मेस्त्रीनं ह्याच्यासाठीच तर ऑक्सिजन सेन्सर बदलला मागच्या टायमाला."

"मग लाइट गेली?"

"न्हाई."

कशी जाईल? ऑक्सिजन सेन्सर सायलेन्सरच्या पाइपमधे बसलेला असतो. बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती आहे ते तो सांगतो. तिसऱ्या सिलिंडरमधे इंधन जळलं नाही, तर तिथला ऑक्सिजन तसाच्या तसा बाहेर येणार. सेन्सर बिचारा इमानदारीत सांगत होता की हवा जास्त येतेय. फाट्यावरच्या मेस्त्रीनं काय केलं? तक्रार करणाऱ्यालाच काढून टाकलं. नवीन सेन्सर आला, त्यानंही तीच तक्रार केली. कोडमधे ज्याचं नाव आलं तो पार्ट बदलायचा, ही आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी बनवाबनवी आहे. काही जण मुद्दाम करतात आणि बाकीचे अडाणीपणानं करतात. गिऱ्हाइकाला दोन्ही सारखंच पडतं.

"दत्ता, मला एक सांग. लाइट नुसती लागून राहते का उघडझाप करते?"

"सोमाटण्याच्या चढाला कवा कवा मिचकावती."

"आणि तेव्हा गाडीत कोण असतं?"

"बायाच असत्यात की. रूटला."

"मग तू थांबतोस?"

"शिफ्टला आदीच उशीर झाल्याला असतोय ताई. थांबू कसा?"

तेव्हा मात्र मी ओरडले. शेजारच्या टायरवाल्यानं मान वर करून पाहिलं, इतक्या जोरात. लागून राहिलेली पिवळी लाइट म्हणजे गाडी सवडीनं दाखवा. उघडझाप करणारी म्हणजे ताबडतोब थांबा. न जळलेलं इंधन धुराच्या पाइपातल्या जाळीत जाऊन तिथे पेटतं. कन्व्हर्टर म्हणतात त्या जाळीला. ती लालभडक तापते. व्हॅनला ती सीटच्या खालीच असते. वर सहा बायका बसलेल्या, मागे गॅसची टाकी.

"मला कुनी सांगितलंच न्हाई," दत्ता म्हणाला. आणि खरंच, त्याला कोणी सांगितलं नव्हतं. चेकलिस्टवर "लाइट नसावी" एवढंच होतं.

आता आरोपी शोधायचा. प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर एक कॉइल असते, ती ठिणगीसाठी करंट देते. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून मी दुसऱ्यावर लावली आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर. गाडी चालवून आणली. आता कोड आला, दुसऱ्या सिलिंडरमधे मिसफायर. म्हणजे बिघाड कॉइलसोबत फिरला. फुकटची टेस्ट आहे, अर्धा तास लागतो. पण तो अर्धा तास द्यायचा कोणी?

कॉइल उलटी करून पाहिली. आतल्या स्प्रिंगला तांबूस गंज. प्लगच्या खड्ड्यातही गंजाचा डाग. पाणी गेलं होतं. पावसाळा नुकताच संपला होता. मी मनात म्हटलं, पावसाचं पाणी. आणि पुढे गेले.

हे मी मुद्दाम लिहितेय, कारण चूक माझी आहे. बॉनेट बंद असताना पावसाचं पाणी इतक्या आत जात नाही. मला हे माहीत आहे. पण समोर दत्ता हात जोडून उभा, मागे दोन गाड्या वाट बघत. मी विचारलंच नाही की पाणी आलं कुठून.

नवीन कॉइल टाकली. चारही प्लग बदलले, खड्डे कोरडे केले. मग कोड पुसला. दुरुस्ती केल्यावर पुसायला हरकत नसते, आधी पुसण्यावर माझा राग आहे. वडगावपर्यंत जाऊन आलो. चढाला गाडी सरळ निघाली, एक हिसका नाही. लाइट नाही. दत्तानं स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला.

"उद्या पास, ताई!"

"उद्या पास," मी म्हणाले.

शनिवारी सकाळी साडेअकराला फोन.

"ताई, लाइट आली." त्याचा आवाज रडवेला झाला होता. "मिचकावती. सायेब तीन गाड्या पुढं हायती. मंग माजाच नंबर."

"इंजिन बंद कर. मी येते."

मी स्कूटरवर टूलबॅग टाकली आणि निघाले. चाकणकडे जाणाऱ्या कंटेनरच्या मागे धूळ खात जाताना मी स्वतःलाच शिव्या घालत होते. नवीन कॉइल खराब निघाली? वायर नीट बसली नाही? दत्ताचा रूट माझ्या हातून जाणार?

गेटबाहेर नऊ व्हॅन रांगेत उभ्या. ट्रान्सपोर्टचे साहेब, पाटणकर त्यांचं नाव, हातात पॅड घेऊन उन्हात उभे. वाईट माणूस नव्हता. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, आणि मागून कोणीतरी सतत फोन करून विचारतंय, झालं का.

"साहेब, मला अर्धा तास द्या."

"मॅडम, प्रत्येकाला अर्धा तास दिला तर संध्याकाळ होईल."

"बाकीच्या गाड्या बघून घ्या. रांग संपेपर्यंत तरी."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "रांग संपेपर्यंत. त्यानंतर मी क्रॉस मारणार."

मी बॉनेट उघडलं आणि बघतच राहिले. इंजिन चकचकीत! शोरूममधे ठेवावं असं. वरून पॉलिश मारलेलं, नळ्यासुद्धा काळ्याभोर. कॉइल उपसली. खाली प्लगच्या खड्ड्यात पाणी साठलेलं. बोटं भिजली.

"दत्ता, हे पाणी कुठून आलं?"

"काल सांजच्याला धुतली की. वॉशिंग सेंटरला. प्रेशरनं."

"इंजिन धुतलंस? प्रेशरनं?"

"वर्सभर दर म्हैन्याला धुतोय. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिशी. चेकलिस्टमधी हाय ना!" त्यानं पाटणकरांच्या हातातल्या पॅडकडे बोट दाखवलं. "इंजिन कंपार्टमेंट क्लीन. त्याच्यात मला कवाच क्रॉस न्हाई."

मला हसावं का रडावं कळेना. वर्षभर हा माणूस दर महिन्याला इन्स्पेक्शनमधे पास व्हायला म्हणून इंजिनमधे पाणी मारत होता. पाण्यानं कॉइल गंजली. कॉइलनं लाइट लावली. लाइटमुळे इन्स्पेक्शनमधे नापास. म्हणून पुढच्या वेळी आणखी जोरानं धुणं. आमच्या पट्ट्यात ऑडिट म्हटलं की हेच चालतं. साहेब येणार म्हटलं की आदल्या दिवशी मशिनला रंग, फरशीवर पिवळे पट्टे, रजिस्टरवर महिनाभराच्या सह्या. दत्ता त्याच शाळेत शिकलेला. आणि मी त्याला काल एक प्रश्न विचारला असता, तर हे झालं नसतं.

पण गेटवर उभं राहून कोणाचं चुकलं ते ठरवायला वेळ नव्हता. सर्व्हिस रोडला पंक्चरवाला होता. "दादा, हवेची नळी द्या!" त्याचा पाइप गाडीपर्यंत पोचेना, म्हणून आम्ही व्हॅनच ढकलत त्याच्या दुकानापाशी नेली. चारही कॉइल काढल्या. हवा मारली, तशी खड्ड्यातून पाण्याची पिचकारी थेट माझ्या तोंडावर. फडक्यानं पुसलं, पुन्हा हवा. प्लग काढून उन्हात वाळवले. दत्ता हातात प्लग धरून फुंकर मारत होता. सगळं पुन्हा बसवलं. गाडी सुरू केली, सर्व्हिस रोडला पुढच्या चौकापर्यंत पळवून आणली. गॅसवर, पूर्ण दाबून. एकही हिसका नाही. कोड पुसला आणि गेटवर आलो. रांगेतली शेवटची गाडी तपासून झालीच होती.

पाटणकर वाकून डॅशबोर्ड बघायला लागले. मी चावी फिरवली. पिवळी लाइट लागली.

"बघा! लागली." त्यांनी पेन उचललं.

"साहेब, थांबा!" मी गाडी सुरू केली. लाइट विझली. "चावी फिरवल्यावर ती लागलीच पाहिजे. लाइट जिवंत आहे हे दाखवायला ती लागते. इंजिन सुरू झालं आणि सगळं ठीक असलं की विझते. लागून विझली म्हणजे गाडी चांगली."

पाटणकरांचं पेन हवेतच राहिलं.

"चावीवर लागलीच पाहिजे?"

"प्रत्येक गाडीत."

ते मागे वळून रांगेकडे बघायला लागले. "पण मघाशी त्या तिसऱ्या गाडीत तर लागलीच नाही. मी टिक केली. म्हटलं, किती छान, एकही लाइट नाही."

रांगेतले दोन ड्रायव्हर एकदम चहाच्या टपरीकडे निघाले.

पाटणकर पुन्हा पहिल्या गाडीपासून सुरू झाले. मी बरोबर. चावी फिरवायची, डॅशबोर्ड बघायचा. नऊपैकी चार गाड्यांत पिवळी लाइट लागतच नव्हती. मीटर उघडून लाइटवर आतून काळी टेप मारलेली. एकानं तर कबूलच केलं, "फाट्यावर टेप मारून देतात मॅडम, पंधरा मिन्टात." चारही गाड्यांच्या कागदावर वॉर्निंग लॅम्पपुढे ओके. आणि ज्याची लाइट धडपणे बोलत होती, तो दत्ता रूटवरून बाहेर पडणार होता.

पाटणकर फुटपाथवर बसले. वरच्या साहेबांना फोन लावला. पलीकडचं मला ऐकू आलं नाही, पण यांची उत्तरं ऐकू आली. "हो सर. चार, सर. नाही सर, तीनची शिफ्ट. हो, लाइन थांबेल सर. बरं सर."

फोन ठेवून ते म्हणाले, "चौघांना एक आठवडा. त्यात दुरुस्त करून दाखवायचं."

"आणि आज? आज बायका त्याच गाड्यांतून येणार?"

"मॅडम, मी काय करू?"

"निदान चौघांना आत्ता स्कॅनर लावू द्या. ज्यात मिसफायर असेल ती आज जाणार नाही."

मला वाटलं, आता हा माणूस मला हाकलून देणार. पण ते उठले आणि म्हणाले, "लावा." तीन गाड्यांत किरकोळ कोड निघाले, सवडीनं करता येतील असे. चौथीत दोन सिलिंडर मिसफायर करत होते. खाली वाकून बघितलं, तर कन्व्हर्टर निळा पडलेला, आणि वरच्या सीटखालची मॅट करपून खरपुडी झालेली. त्या सीटवर बसणारीला पाय गरम लागत असणार. तिनं सांगितलंही असेल. त्याचा ड्रायव्हर मला म्हणतो, "पण मॅडम, लाइट तर लागत नव्हती."

मी पाटणकरांना वाकायला लावून ती करपलेली मॅट दाखवली.

ती गाडी तिथेच बंद ठेवली. दत्ताच्या कागदावर पाटणकरांनी टिक केली आणि म्हणाले, त्या गाडीतल्या बायकाही आज तूच आण. दत्तानं देहूरोडला दोन फेऱ्या मारल्या. शिफ्टला वीस मिनिटं उशीर झाला. बाकी काही झालं नाही.

त्या चारही गाड्या आठवड्यात माझ्याकडे येऊन गेल्या. टेपा काढल्या, मग कोड वाचले, मग दुरुस्त केलं. पाटणकरांना मी फोन करून सांगितलं, ते इंजिन क्लीनचं कलम आधी काढा. ते म्हणाले, "मॅडम, चेकलिस्ट हेड ऑफिसची आहे. मला त्यात ओळ वाढवता येते, काढता येत नाही." म्हणून त्यांनी वाढवली. चावी फिरवल्यावर लाइट लागते का, ही नवी ओळ आली. क्लीनची ओळ आहे तिथेच आहे.

मी यातून एवढंच शिकले की पार्ट बदलून काम संपत नाही. पाणी दिसलं तर ते आलं कुठून हे विचारायचं, मग गिऱ्हाईक कितीही हात जोडो. आता मी प्रत्येकाला विचारते, इंजिन धुता का? निम्मे जण अभिमानानं हो म्हणतात.

पुढच्या इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी दत्ताचा फोन. "ताई, न धुता कसं नेऊ? क्रॉस पडंल." मी म्हणाले, ओल्या फडक्यानं वरून पूस आणि ने. पाण्याचा थेंब घातलास तर परत माझ्या दारात येऊ नकोस.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो तणतणत गॅरेजवर आला. हातात कागद. वॉर्निंग लॅम्प, ओके. ब्रेक, ओके. टायर, ओके. खाली लाल पेनानं लिहिलेलं, इंजिनवर धूळ आढळली.

"बगा ताई, तुमच्यामुळं! वर्सात पयल्यांदा तांबडा शेरा बसला."

"रूट गेला का?"

"न्हाई. शेऱ्यानं रूट जात न्हाई."

"महिन्यात एकदा तरी लाइट लागली?"

"न्हाई."

"चढाला हिसका?"

"न्हाई की."

"मग पुढच्या महिन्यातही हाच शेरा घेऊन ये," मी म्हणाले, आणि पुढच्या गाडीचं बॉनेट उघडलं.